दिलेल्या मुलींचं दुखणं

आमच्या घरात लग्न करून दिलेल्या मुलीचं नाव कोणी घेत नसे. ज्या गावी दिली त्या गावाचं नाव तिला लागायचं. थोरली आत्या एकोडीवाली, मधली वरठीवाली. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, शहापूरच्या आमच्या घराच्या ओसरीवर बसून साकोलीकडून येणाऱ्या माणसाला विचारायचे, "एकोडीवालीचं कसं काय?" शांता आणि लीला ही त्या दोघींची खरी नावं मला त्या दोघी गेल्यानंतर कळली. नाव घेऊ नये असा नियम कोणी केलेला नव्हता. मुलगी दिली की ती तिकडची झाली, एवढंच. तिचं सुख तिकडचं, तिची लेकरं तिकडची आणि तिचं दुखणंही तिकडचं.

एकोडीची आत्या छातीतल्या गाठीने गेली. तिकडच्या बायका म्हणाल्या, अंगावर पिणाऱ्या लेकराचं डोकं लागलं, दूध गोठलं, त्यात धानाच्या रोवण्यात दिवसभर चिखलात उभी राहिली. आम्ही माना डोलावल्या. पुढे काही वर्षांनी तिचा मुलगा गुडघ्याजवळच्या हाडाला सूज येऊन गेला. तो मोहाच्या झाडावरून पडला होता हे सगळ्या गावाला माहीत होतं, त्यामुळे त्याच्याही मरणाला कारण मिळालं. वरठीची आत्या डोक्यातल्या गाठीने गेली. ती आणि तिचे यजमान स्टेशनाबाहेर चहाचं दुकान चालवायचे. शेगडीची धग डोक्यात चढली असं ठरलं. माझी आजी, जिला मी पाहिलेलंच नाही, पोटात गोळा होऊन गेली. पण तेव्हा धाकटी आत्या अजून मांडीवर होती, म्हणून ते बाळंतपणाचं दुखणं धरलं गेलं. माणसं चार, अवयव चार, गावं तीन. बेरीज करायची तर आकडे एकाखाली एक यावे लागतात. आमचे आकडे एकाखाली एक आलेच नाहीत, कारण प्रत्येक घर आपापला आकडा आपल्यापाशी ठेवून बसलं होतं.

हे मी आता एवढं स्वच्छ लिहिते आहे, पण त्या वयात यातलं मला काही कळत नव्हतं. मला फक्त घरातली अस्वस्थता कळायची. आमचं घर हमरस्त्याला लागून. ट्रक गेला की फळीवरच्या पितळी ताटल्या थरथरायच्या, आणि ट्रक तर दिवसभर जायचे, त्यामुळे घरात एक बारीक किणकिण कायम असायची. पाहुण्यांना ती ऐकू यायची, आम्हाला येत नसे. तिच्या जोडीला आबाजींच्या चपलांचा आवाज. आबाजींना एका जागी बसवत नसे. ओसरीवरून आत, आतून परसात, परसातून पुन्हा ओसरीवर. बाई माणूस घरात खोकलं, पोट धरून बसलं, जेवणाला नको म्हणालं, की ते दारात येऊन उभे राहायचे. काही विचारायचे नाहीत. नुसते उभे. आई त्यांच्याकडे न बघता म्हणायची, "काही नाही जी मामाजी, ऊन लागलं." मग चपला पुन्हा फटफटत परसात जायच्या.

घरात माणसं मोजकी. आबाजी, बाबा, आई, मी आणि धाकटी आत्या, वंदना. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिची आई मेल्यावर तिला आबाजींनीच वाढवलं. वेणीसुद्धा तेच घालायचे, आणि ती इतकी घट्ट घालायचे की पोरीचे डोळे चिनी माणसासारखे व्हायचे, असं शेजारची चंद्रभागाबाई सांगायची. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा वंदूआत्या परकरी पोर होती, पहिल्या दिवशी तिने नव्या वहिनीला विचारलं होतं, "तुले वेणी घालता येते काय?" दोघींचं त्या दिवसापासून जमलं. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी भाताची पेज आणि भाजलेला कांदा, दुपारी लाखोरीच्या डाळीचं वरण. तलावाचं पाणी आटायला लागलं की बारीक झिंगे मिळायचे, ते आई वांग्यात टाकायची. वंदूआत्या झिंगे निवडायला बसली की मांजर, मी आणि चंद्रभागाबाई, अशा तिघी तिच्याभोवती. आत्या बोलायची कमी पण नकला करायची. आबाजींच्या चालण्याची नक्कल ती बसल्या बसल्या नुसत्या दोन हातांनी करायची.

ती बारावी होऊन गावातल्या बालवाडीत शिकवत होती. मुलगे पाहायला यायचे आणि आबाजी प्रत्येकाला हो म्हणायला तयार असायचे. तिला घरातून घालवायची त्यांना जी घाई होती ती पाहून शेजारचे लोक हसायचे. "भाराची झाली काय वो पोरगी?" चंद्रभागाबाईने एकदा तोंडावर विचारलं. आबाजी म्हणाले, "या घरात बाया टिकत नाही." माझी आई चुलीपाशी होती. या घरातली बाई म्हणजे तीही होती.

मी दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात वंदूआत्याचं ठरलं. मुलगा भंडाऱ्याचा, सरकारी कचेरीत बाबू, घरी आई आणि तो, दोघंच. आबाजींचा चेहरा त्या महिन्यात मी पहिल्यांदा सैल झालेला पाहिला. अंगणात मांडव पडला, त्यावर जांभळाच्या डहाळ्या आल्या, लाखोरीच्या डाळीचे वडे तळायला शेजारच्या बायका मोठी कढई घेऊन आल्या. विहारातून भंतेजी लग्नाच्या दिवशी सकाळी यायचे होते. आम्ही बौद्ध असलो तरी हळद आमच्याकडे लागतेच, भंतेजींनी एकदा आबाजींना म्हटलं होतं की ही रीत सोडली तरी चालेल, आणि आबाजी म्हणाले होते, "बायायले सांगून पाहा."

हळद आदल्या दिवशी सकाळी होती. पुरुष मांडवात, आणि मागच्या खोलीत आम्ही चौघी: पाटावर वंदूआत्या, हळद लावणारी आई, गाणी म्हणणारी चंद्रभागाबाई आणि करवली म्हणून मी. हळद लागलेल्या नवरीला एकटीला सोडायचं नाही, ती जाईल तिथे करवली, अगदी परसातसुद्धा. मला त्या कामाचा मोठा अभिमान वाटत होता. आईने हात, पाय, पाठ संपवली आणि ती खांद्यापाशी आली. चंद्रभागाबाई म्हणाली, "हळू चोळ वो, पोरगी हाय, गंज नाही घासून राहिली तू." आम्ही हसलो. आत्याही हसली. आईचा हात खांद्यावरून काखेकडे गेला आणि छातीच्या कडेशी थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा तिथेच थांबला. चंद्रभागाबाईचं गाणं एक ओळ पुढे गेलं आणि मग तेही थांबलं.

"कवापासून हाय?" आईने विचारलं.

"शिमग्याच्या आंधीपासून."

"दुखते?"

"नाही."

"काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं वहिनी? आबाजी खचले असते." मग तिने हात आडवे घेऊन पदर वर ओढला. "उद्या जातच हाव ना मी."

या वाक्याचा अर्थ मला त्या खोलीत लागला नाही. आईला लागला. उद्या मी जाते, म्हणजे उद्यापासून हे दुखणं तिकडचं. ती लबाडीने बोलत नव्हती. आपल्या घरचा जो हिशेब लहानपणापासून ऐकला, त्याप्रमाणे बोलत होती. माणूस दुसऱ्या घरी गेलं की गाठही त्या घरची होते, आणि आबाजींना तिसऱ्या मुलीचं मरण आपल्या उंबऱ्याच्या आत पाहावं लागत नाही. ती आबाजींना वाचवत होती.

आईने हळदीचं ताट खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि ती सरळ मांडवात गेली. सासऱ्यासमोर माझी आई डोक्यावर पदर घेऊन, दाराआडून बोलायची. त्या दिवशी ती पुरुषांमध्ये जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता की नव्हता हे मला आठवत नाही. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते हे आठवतं.

आबाजींनी ऐकून घेतलं. ते खाटेवर बसले होते, तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "उद्या लगन लागू दे."

"मामाजी, आंधी दवाखाना."

"दवाखाना तिकडंबी हाय. पोरगा नोकरीवाला हाय, तो दाखवन. तिले एकदा या घराच्या बाहेर निघू दे, मी तुले हात जोडतो. हे घर खाते बायायले. बाहेर निघाली तं वाचन."

"एकोडीले दिली ते बाहेरच होती ना?" आई म्हणाली. "वरठीले दिली ते बाहेरच होती. वाचल्या काय? शांताबाईच्या घरी सुतकाची भाकर मीच घेऊन गेली. तिच्या पोरासाठी मीच घेऊन गेली. लीलाबाईसाठी मीच. तुमी लोकं तिकडं जाऊन परत आले का म्हणता, त्यायच्या घरचं त्यायनं पाहावं. माहे हात दुखले ना भाकरी थापून. मी कोणत्या घरचं म्हणू?"

मरण झालेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मुलीच्या माहेराहून भाकरी आणि वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, न्यायची आमच्याकडे रीत आहे. पुरुष मातीला जातात, पुढच्या बाजूने जातात आणि तिथूनच परत येतात. सून भाकरी घेऊन मागच्या दाराने थेट चुलीपाशी जाते, आणि मेलेल्या बाईचं सगळं दुखणं चुलीपाशी बसलेल्या बायकांकडून तिला कळतं. कुठे गाठ होती, कशी वाढली, शेवटी काय झालं. म्हणून ती बेरीज माझ्या आईलाच करता आली. ती त्या घरात जन्मलेली नव्हती, पण तिन्ही वेळा चुलीपाशी ती एकटीच बसून आली होती.

आता नागपूरच्या डॉक्टरीणबाई कागदावर गोल आणि चौकोन काढून विचारतात, तेव्हा हेच विचारतात. बायकांचे गोल, पुरुषांचे चौकोन, ज्याला कॅन्सर झाला तो काळा भरायचा. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांनी आमचं चित्र काढलं. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा गोल त्या आई-बापाच्या रेघेवरच लटकवतात, गाव विचारत नाहीत. प्रत्येक पेशीतलं एक जनुक बिघडलेलं, ते आई किंवा बापाकडून येतं. प्रत्येक लेकराला येण्याची शक्यता निम्मी. निम्मी म्हणजे चारातल्या दोघांना असं नव्हे. दर वेळी नाणं नव्याने उडतं. आजीच्या चार लेकरांत चारही वेळा नाणं एकाच बाजूने पडलं, बाबा धरून. हे एकच जनुक कोणाच्या छातीत, कोणाच्या हाडात, कोणाच्या मेंदूत गाठ करतं, त्यामुळे रोगाची नावं वेगळी पडतात आणि घराला वाटतं, यांचा एकमेकांशी काय संबंध. माझं रक्त तपासलं. माझ्यातही ते आहे. अजून मला काही झालेलं नाही. दर वर्षी सगळ्या अंगाचं स्कॅन करून घेते, निकाल येईपर्यंतचे दिवस कुठल्याच कामात मन लागत नाही, आणि आबाजींसारखी मीही घरभर चालते. एवढं लिहून पुन्हा मांडवात जाते.

आबाजींनी बाबांकडे पाहिलं. बाबा वरठीच्या कारखान्यात कामाला, अबोल माणूस. त्यांचा स्वभावच असा की घरात दोन मतं झाली की ते सायकल पुसायला घ्यायचे. त्या दिवशीही ते उठलेच, पण तेवढ्यात मागच्या दारातून वंदूआत्या बाहेर आली. अंगभर हळद, ओला पदर, पायात काही नाही. मांडवात कोणीतरी "अरे, अरे" म्हणालं. हळदीची नवरी अशी पुरुषांसमोर येत नाही.

"दादा," ती बाबांना म्हणाली, "मले भंडाऱ्याले घेऊन चाल. मी सोता सांगीन."

"आता?"

"आता नाही तं कवा? उद्या वरात आल्यावर?"

"हळदीची पोरगी शीव ओलांडत नाही," आबाजी म्हणाले. ते ओरडले नाहीत. त्यांचा आवाज अगदी बारीक होता.

"आबाजी, मी उद्या ओलांडणारच होती ना."

चंद्रभागाबाईने आपल्या मुलाची मोटारसायकल काढून दिली आणि वर म्हणाली, "पेट्रोल हाय का नाही ते पाह्यजा, नाहीतं ढकलत न्याल नवरीले." आईने मला पुढे ढकललं. करवलीशिवाय नवरी जात नाही. असे आम्ही तिघं निघालो: पुढे बाबा, मध्ये मी, मागे आत्या. दुपारचं ऊन, रस्त्यावरून गरम वारा, मागून येणारे ट्रकवाले पिवळी नवरी बघून हॉर्न वाजवत होते. एकाने ओरडून विचारलं, "भागा के ले जा रहे क्या?" आत्या मागून म्हणाली, "मीच पळवून राहिली या दोघायले." बाबा हसले की काय ते मला दिसलं नाही. तिचा हात माझ्या पोटाभोवती होता.

मुलाकडेही हळद चालली होती. मुलगा पाटावर, अंगाला हळद, कमरेला टॉवेल. दारात नवरी उभी पाहून बायकांनी तोंडावर पदर घेतले. मुलाची आई उंच, काटक बाई. ती धावत आली आणि म्हणाली, "काय झालं? कोणी गेलं काय?"

"कोणी गेलं नाही जी," आत्या म्हणाली. "मले सांगायचं हाय." आणि तिने दारातच सांगितलं. जागा कुठे, केव्हापासून, आणि अजून डॉक्टरला दाखवलेलं नाही. बालवाडीत मुलांना सांगतात तसं सावकाश, एकेक शब्द. शेवटी म्हणाली, "माह्या दोन बहिणी अशाच गेल्या. माय बी."

बाई बाबांकडे वळली. "सोयरीक करतानी हे काहून नाही सांगितलं?"

बाबांनी खाली बघत उत्तर दिलं, "त्या... दिलेल्या होत्या जी."

"दिलेल्या?" ती बाई म्हणाली. "दिल्या म्हून रगत बदललं काय? रगत का दागिना हाय, जाता-जाता उतरवून ठेवाले?"

ती रागाने बोलली. पण आमच्या सगळ्या घराण्यात इतकं खरं वाक्य तोवर कोणी बोललं नव्हतं, आणि ते एका परक्या बाईने, लग्न मोडण्याच्या घडीला, दारात उभं राहून बोलावं लागलं. रागातच तिने आम्हाला आत घेतलं, पाण्याचा तांब्या दिला, आत्याला बसायला पाट दिला. मुलगा पाटावरून उठला नव्हता. दोघं समोरासमोर, दोघंही पिवळी. त्याने विचारलं, "डॉक्टर काय म्हणन असं वाटते?"

"माहीत नाही."

"मंग आधी दाखवा," तो म्हणाला. मग म्हणाला, "मले वेळ पाहिजे."

तो वेळ त्याने घेतला आणि तो पुन्हा आला नाही. पुढे त्याचं दुसरीकडे लग्न झालं. मी एकदा आत्याजवळ त्याला नावं ठेवली, तर ती म्हणाली, "त्यानं खोटं तं नाही ना सांगितलं? येतो म्हणून न येणारे बहुत असते. त्यानं वेळ मागितला, मले तं घाईच होती."

तिसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला होतो. करवली म्हणून माझी कोणी सुटका केलेली नव्हती, आणि आईला घर होतं, म्हणून मीच आत्यासोबत. मोठ्या दवाखान्यात तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी तिचे हात पाहून आधी कावीळ किती दिवसांची आहे ते विचारलं. आत्याने हळद म्हणून सांगितल्यावर ते एवढे गोंधळले की त्यांनी तिचं अभिनंदन केलं. मग गाठ तपासली. सुईने तुकडा घेतला, निकाल आला, आणि मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. बाबा, मी आणि आत्या.

आम्ही आत जाऊन बसलो तोच दार उघडून आबाजी आले. ते वरठीहून रेल्वेने एकटेच आले होते, धोतर प्रवासाने चुरगळलेलं. आत्याशी ते हळदीच्या दिवसापासून बोलले नव्हते. कोपऱ्यात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. डॉक्टर कागदावर बघत म्हणाले, गाठ वाईट आहे, पण लवकर आलात, काढून टाकू. मग त्यांनी नेहमीचा असेल तो प्रश्न विचारला, "घरात आधी कोणाला?"

बाबांनी तोंड उघडलं, पण आबाजी आधी बोलले. "माही बाई, पोटात. माही थोरली पोरगी, इथंच," आणि त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "तिचा पोरगा, पायात. माही मधली पोरगी, डोक्शात. आता हे." माझी बाई, माझी पोरगी. ते प्रत्येकीला माझी म्हणाले, आणि गाव एकीचंही सांगितलं नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी आबाजींकडे, मग बाबांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "ही कोण?"

"हा माहा पोरगा. हे त्याची पोरगी."

"हिलाही दाखवत जा," डॉक्टर म्हणाले. "आता नाही. पण विसरू नका." त्या काळी जनुकाची ही रक्ततपासणी नव्हती. त्यांना जेवढं सांगता येत होतं तेवढं त्यांनी सांगितलं. आबाजी जवळ आले, आत्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तिची वेणी सैल झाली होती ती तिथेच, डॉक्टरांसमोर उभ्याने घट्ट करायला लागले. आत्या म्हणाली, "आबाजी, डोळे फुटतीन माहे." आणि मग ती रडली. हळदीपासून पहिल्यांदाच.

ऑपरेशन झालं. वंदूआत्या आजही आहे, शहापूरलाच. त्यानंतर दुसऱ्या बाजूची गाठ आणि पुढे कित्येक वर्षांनी मानेतली, अशा दोन तिने आणखी काढून टाकल्या. दोन्ही तिने स्वतःच शोधल्या. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत आम्हा सगळ्यांना तिनेच ओढत नेलं. बाबा मात्र तिथवर पोहोचण्याआधीच फुप्फुसातल्या गाठीने गेले. त्यांच्या वेळी आम्ही त्यांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याला दोष दिला नाही, एवढं शहाणपण आलं होतं.

टाके काढले त्या दिवशीची गोष्ट. वॉर्डात दुपारची सामसूम होती, पंखा गरम हवा ढवळत होता, बाबा आणि आबाजी खाली गेले होते. आत्या उशीला टेकून बसली होती, उजवी बाजू पट्ट्यांनी सपाट बांधलेली. मला म्हणाली, "खाटेवर ये. पडदा ओढ." मी ओढला. ती म्हणाली, "हात दे." तिने माझी तीन बोटं धरली आणि तिच्या डाव्या बाजूवर ठेवून दाखवलं, कसं दाबायचं, कसं गोल गोल काखेपर्यंत जायचं. "आता तुहं तू पाह."

मला इतकी लाज वाटली की मी पडद्याकडे बघू लागले.

"लाजू नको वो. मी लाजली म्हून इतकी मोठी झाली ते. पाह."

मी झग्याच्या आत हात घातला. सगळं मऊ, सगळं अनोळखी. प्रत्येक ठिकाणी काहीतरी आहे असं वाटायचं आणि बोट हललं की नसायचं. आत्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी डावीकडून उजवीकडे गेले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"लागते काही?"

"नाही," मी म्हटलं.

"आज नाही," आत्या म्हणाली. "म्हैन्यानं आखीन पाह्यजो."